विश्वनाथच्या उभ्या पेट्या

मी पोखर्णीहून एसटीनं परत येत होतो तेव्हा नंदाचा फोन आला. नंदा ही माझ्या मित्राची, विश्वनाथची, एकुलती एक लेक. चुडाव्याला शाळेत शिकवते. "मास्तरकाका, आईचा फोन आला व्हता. अप्पाला काहीतरी झालंय म्हणली अन् पुढं बोलेचना. तुमी आधी पोचा, मी निघालेच हाय." एवढं बोलून तिनं ठेवला. अशा वेळी गाडी मुद्दाम हळू चालते असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. परभणीत उतरून रिक्षा केली, गल्लीत शिरलो आणि त्याच्या दारासमोर चपलांचा ढीग दिसला. तिथंच कळलं. आता फक्त डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

विश्वनाथची बैठकीची खोली म्हणजे एक बोळच. दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्यानं अंग चोरून जायचं; लांबीला मात्र रस्त्याच्या भिंतीपासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. शेजारपाजारचे लोक दोन्ही भिंतींना पाठ लावून उभे होते आणि मधोमध, वेताच्या खुर्चीत, तो बसलेला होता. मान जराशी कललेली, डोळे मिटलेले... गाणं ऐकताना तो असाच बसायचा. डॉक्टर येऊन मान हलवून गेले होते. वहिनी त्याच्याजवळ नव्हत्या. त्या रस्त्याकडच्या भिंतीशी, त्या दोन उंच काळ्या स्पीकरांच्या मध्ये उभ्या होत्या आणि बोर्डातून उपटलेली वायर त्यांनी मुठीत आवळून धरली होती. मला बघून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. ह्या डब्ब्यांनीच नेलं ना त्यांना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "नाही वहिनी," मी म्हणालो. पण ते असं म्हणालो की माझं मलाच पटलं नाही. या गोष्टीला काही महिने झालेत. विश्वनाथबद्दल लिहायला बसलो की आधी तो प्रश्नच येऊन समोर बसतो, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

विश्वनाथचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं. भांडं पारखायची त्याची रीत बघण्यासारखी होती. तपेली बोटांच्या टोकांवर तोलायची, दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा. आवाज लांबत गेला की भांडं खरं. मध्येच बसला की कुठंतरी चीर आहे. गिऱ्हाईक वजन बघायचं, हा आवाज बघायचा. मी त्याला चिडवायचो, "बायको पण टिचकी मारूनच पसंत केलीस का रे?" तो म्हणायचा, "मी कुठला मारतोय? तिनंच मारली. वाजलो म्हणून केलं लग्न." वहिनी आतून "पुरे झालं" म्हणायच्या आणि चहात साखर जरा जास्त पडायची. तो लिंगायत, मी बौद्धवाड्यातला; शाळेत एका बाकावर बसलो ते उठलोच नाही म्हणायचं.

दुकान पुतण्याच्या हाती देऊन तो नुकता कुठं मोकळा झाला होता आणि एका सकाळी महादेवाच्या पायरीवर चक्कर येऊन पडला. नांदेडला नेलं. डाव्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर बसवला. घरी आल्यावर सदऱ्याचं बटण काढून त्यानं मला तो उंचवटा दाखवला. त्याच्याच शेजारी गळ्यातलं इष्टलिंग लोंबत होतं. "बघ मास्तर, वरून महादेव अन् आतून मशीन. दोघं मिळून सांभाळायलेत." मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. दवाखान्यातून निघताना ज्या सूचना मिळाल्या त्यांतला एकच शब्द त्यांनी पदराला गाठ मारल्यासारखा धरून ठेवला होता: चुंबक. दुकानात स्टील पारखायला गल्ल्याजवळ एक लोहचुंबक कायम असायचा, तो त्यांनी पुतण्याला सांगून आधी हलवला. मग मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही. मग मिक्सर लावायचा तर विश्वनाथनं आधी अंगणात जाऊन उभं राहायचं. घर असं दबकून चालायला लागलं. कोणी दार आपटलं तरी वहिनी हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघायच्या.

त्यालाही ते जाणवत होतं. एकदा फिरायला गेलो असताना तो एकदम थांबून म्हणाला, "मास्तर, घर लय शांत झालंय. एवढ्या शांततेत मला माझंच ऐकू यायलंय. मशीनला आवाज नसतो म्हणतेत, पण मी दिवसभर तेच ऐकत बसायलोय, पुढचा ठोका पडतो का न्हाई." आयुष्यभर भांड्यांच्या ठणठणाटात काढलेल्या माणसाचे हे शब्द. तेव्हा त्यानं मनातलं सांगितलं. त्याला गाणं हवं होतं, आणि चांगलं हवं होतं. मी म्हणालो, एखादा लहानसा स्पीकर घे, फळीवर ठेव. "फळीवरचा नको," तो म्हणाला. "जमिनीवर उभा राहणारा पाहिजे. माणूस समोर येऊन वाजवायलाय असं वाटलं पाहिजे. नसता कशाला घ्यायचं?"

संभाजीनगरला एका दुकानात आम्ही तिघं गेलो. वहिनी राखण म्हणून आल्या होत्या, ऐकायला नाही. विश्वनाथनं काय करावं? विक्रेता गाणं लावायच्या आतच हा प्रत्येक स्पीकरच्या लाकडी अंगावर टिचक्या मारत फिरायला लागला. एक जोडी होती अरुंद, पुढच्या बाजूच्या भोकातून श्वास घेणारी. विक्रेत्याच्या मते आमच्या बोळासारख्या खोलीला तीच योग्य. तिच्यावर टिचकी मारली तर नुसता 'ठक्'. "मेलेलं भांडं," विश्वनाथ म्हणाला आणि पुढं सरकला. दुसरी जोडी धिप्पाड होती, टिचकी मारली की अंगभर घुमायची. "हे बघ, कसं बोलतंय!" विक्रेता समजावत होता की काका, स्पीकरची पेटी स्वतः वाजायला नको. पण भांडेवाल्याला आवाज शिकवायला निघालेला तो पहिलाच. "लेकरा," विश्वनाथ म्हणाला, "चिरलेलं अन् धड मला डोळे मिटून कळतंय." मग त्या बिचाऱ्यानं वाद सोडला आणि पसंत केलेल्या मालाचं कौतुक करायला म्हणून बोलून गेला, "आतला मॅग्नेट पण जबरदस्त आहे काका, एवढा मोठा."

वहिनी खुर्चीतून उठल्या. "चला," एवढंच म्हणाल्या. विश्वनाथ हलला नाही. गिऱ्हाइकांसमोर नवरा-बायको एकमेकांकडे बघत उभे, आणि मी मध्ये. त्या माणसाला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चिडला. "जपून जपून ठेवायलीस मला," तो म्हणाला, "काचेच्या कपाटातल्या भांड्यावानी. भांडं वापरायला असतंय की न्हाई?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं पण त्या तसूभर मागं सरकल्या नाहीत. शेवटी मी तिथूनच नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, छाती टेकवून बसू नका म्हणजे झालं; हातभर लांब असलं की काही होत नाही. वहिनींनी फोन माझ्याकडून ओढून घेतला. "हातभर म्हंजी कुणाच्या हातानं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर काय म्हणाले कोण जाणे, पण फोन परत देत त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं मोजीन. तेच्या तिप्पट."

ती बोलणारी जोडी घरी आली आणि पहिल्याच गाण्याला अशी घुमली की खिडकीचे गज आणि मांडणीतली ताटं सगळीच गायला लागली. सूर कुठला आणि लाकूड कुठलं ते कळेना. विश्वनाथ खुर्चीत बसून हळूहळू लाल झाला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि छातीवर हात ठेवला, स्वतःच्या नव्हे, त्याच्या. दुकानदार भला माणूस, त्यानं जोडी बदलून दिली. आणि जे 'मेलेलं भांडं' म्हणून सोडलं होतं तेच घरात आलं. "भांड्यानं बोलावं, मास्तर, पेटीनं गप बसावं," विश्वनाथ कान पकडत म्हणाला. "हे मला आत्ता कळालं." रस्त्याकडच्या भिंतीपासून जरा पुढं ओढून दोन्ही पेट्या उभ्या केल्या, वहिनींनी हातानं मोजून खुर्ची खोलीच्या मधोमध लावली, आणि दुपारची सारंगी सुरू झाली.

तेव्हापासून तो माणसात आला. मी रोज दुपारी त्याच्याशेजारी स्टुलावर बसायचो. आवाज अगदी बेताचा असायचा. समोर कोणी मांडी घालून वाजवतोय आणि आपण आगंतुक येऊन बसलोय असं वाटावं, इतका. पण आतून वहिनींची हाक यायचीच, "कमी करा!" तो म्हणायचा, "कमीच हाय की." "कमी? हितं पोटात धपधप व्हायलंय माझ्या!" मला वाटायचं, भीतीनं त्यांना मोठं ऐकू येतंय. त्याला वाटायचं, तिला गाणं बघवत नाही. एकदा तर त्यानं ताट पुढं सरकवून दिलं, जेवला नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते आणि दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटत होतं. गाणं चालू असताना वहिनी कधीही बैठकीत आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या राहायच्या, गाणं संपेपर्यंत.

मी पोखर्णीला गेलो होतो त्या दुपारी मात्र वहिनी चहा घेऊन बैठकीत आल्या, तेव्हा सारंगी चालूच होती आणि तो गेलेला होता.

आम्ही दहन करणारी माणसं. लिंगायतांची समाधी मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली. त्याला बसवूनच नेलं, बसवूनच खाली ठेवलं, तळहातावर त्याचं इष्टलिंग दिलं. कोणीतरी म्हणालं, जाळायचं असतं तर छातीतलं मशीन काढावं लागलं असतं. पुढं महिन्याभरानं मी आणि नंदा नांदेडला डॉक्टरांकडे गेलो, वहिनींचा तो प्रश्न घेऊन. ते म्हणाले, मशीन ठोका सांभाळतं, हृदयविकाराचा झटका अडवू शकत नाही. स्पीकरचा संबंध नाही. पण शेवटच्या घटकेला काय झालं हे ते मशीन वाचून सांगता आलं असतं. नंदा माझ्याकडे बघायला लागली. मशीन त्याच्यासोबत मातीत होतं. घरी येऊन आम्ही वहिनींना फक्त अर्धं सांगितलं. तरी त्या म्हणाल्या, "डॉक्टर तवाबी काही व्हत न्हाई म्हणले व्हते. मी हो म्हणले म्हणून आले हे घरात. मीच हो म्हणले." त्या जेवेनात. बैठकीतून जाताना पेट्यांकडे पाठ करून जायच्या. नंदा रडून म्हणाली, काका, हे घराबाहेर काढा, नसता आई पण जाईल.

मी एकाला विकत घ्यायला तयार केलं, टेम्पो ठरवला. टेम्पो यायच्या आधी वहिनी चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, न्यायच्या आधी एकदा लावा. ते काय ऐकायचे ते मला म्हाईतच न्हाई. गाणं मी कधी ऐकलंच न्हाई. मी आपली त्यांनाच ऐकत बसायचे... खोकतेत का, खुर्ची वाजती का."

मी वायर परत बोर्डात खोचली. त्या दिवशी जिथं तुटलं होतं तिथूनच सुरू झालं; मध्येच सारंगी, खाली तबला. आवाजाला मी हात लावला नव्हता, त्याचाच होता. डग्गा पडला आणि मांडणीतली ताटं बारीक थरथरली. वहिनींचा चेहरा ताठ झाला. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच धपधप व्हतं. ह्यानंच..." मी म्हणालो, "वहिनी, इथं या. खुर्चीत बसा." त्या खुर्चीत तोपर्यंत कोणी बसलं नव्हतं. विहिरीच्या काठानं चालावं तशा त्या भिंतीला धरून आल्या आणि टेकल्या.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कमी केलंत का?"

"हात लावला नाही, वहिनी."

त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. तिथं उभ्या राहिल्या. परत खुर्चीत आल्या. पुन्हा दारात, पुन्हा खुर्चीत. मला तेव्हा कुठं उमगलं. त्या बोळासारख्या खोलीत आवाजाचं सगळं ओझं पलीकडच्या टोकाला, त्यांच्या चौकटीत जाऊन साचत होतं आणि मधोमध, जिथं तो बसायचा, तिथं नुसते सूर उरत होते. तो खरं सांगत होता. त्याही खरं सांगत होत्या. हे त्याला कधीच कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदा. "इतकं हळू," त्या म्हणत होत्या, "इतकं हळू ऐकायचे हो..." मग डोळे पुसून, मला नाही, समोरच्या भिंतीला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "एवढ्या आवाजानं माणूस मरत न्हाई."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी उठलो आणि सवयीनं वायरीकडे हात नेला.

"काढू नका," वहिनी म्हणाल्या. "त्याला जा म्हणा. अन् हे पहिल्यापासून लावा. मी अर्धंच ऐकलंय."