जुनी वस्तू बदलायची आहे, असं मी देवीला सांगितलं

देवावर मला शंका आली असं म्हणणार नाही. शंका यायलासुद्धा डोकं ठिकाणावर लागतं आणि त्या दिवसांत माझं ते नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. डावा स्तन काढला आणि त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवली. ऑपरेशन झालं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण पिशवीचं फक्त मला आणि आमच्या यांना. आमच्या पार्से गावात माणसाच्या घरी काय शिजलं ते वासावरून कळतं, तिथे एवढी गोष्ट मी लपवून ठेवली याचा मला गर्वच होता म्हणा ना!

एका सकाळी आडोळीवर, म्हणजे आमच्या विळीवर, नारळ किसत होते आणि डाव्या बाजूला आतून कुणी आवळल्यासारखं झालं. हात लावून पाहिला तर ती बाजू दगडासारखी घट्ट आणि वर सरकलेली. खोबरं तसंच टाकून मी न्हाणीघरात जाऊन रडले. संपलं, परत आला मेला, एवढंच डोक्यात.

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करून घेतला. "कर्करोग दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण पिशवी आतल्या आत फाटली आहे. शरीर तिच्याभोवती एक कवच बांधतं, ते आवळलं म्हणून दुखतं. ही पिशवी जन्मभराची नसतेच. काढावी लागेल. नवी बसवायची की नाही, ते तुम्ही ठरवा." जन्मभराची नसते हे मला पहिल्या वेळीही सांगितलं असणार, पण तेव्हा जीव वाचला याच्यापुढे मी काही ऐकलंच नव्हतं. सोमवारचं ऑपरेशन ठरलं. यांनी बॅग भरायला घेतली, तर मी म्हटलं, "थांबा. कौल घेतल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही."

आमच्याकडे मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या लावतो, आपलं म्हणणं गाऱ्हाण्यात मोठ्याने घालतो आणि बसलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नको. आता आली का पंचाईत! देवळाच्या चौकात गावचे सगळे बापये बसलेले. माझ्या छातीच्या गोष्टीवर त्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं? राम राम राम! गुरवाने विचारलं तेव्हा मी खाली मान घालून म्हटलं, "घरातली एक जुनी वस्तू बदलायची आहे. बदलू की नको, एवढंच विचारा."

त्याने तसंच गाऱ्हाणं घातलं. मी कळीवरून नजर काढली नाही. आणि पडली ती डावी कळी.

मंडपाच्या खांबांना धरून धरून बाहेर आले. यांना फोन करायचा, ऑपरेशन रद्द, देवी नको म्हणते, एवढंच ठरवलं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. माझ्यानंतर कौल घ्यायला बसलेली, केरीकडची एक बाई. गाय आजारी आहे म्हणून विचारायला आले, असं मघाशी ती कुणाला तरी सांगत होती.

"गो बाये, वस्तू बदलूक कोण अशी थरथरता?" ती म्हणाली. "देवीक आडून कित्याक इचारलंस? ती बायलमनीसच मगो!"

मला काय झालं कोण जाणे, जे सख्ख्या नणंदेला सांगितलं नव्हतं ते या अनोळखी बाईला पायरीवर बसून सगळं सांगितलं. गाठ कशी लागली, काय काय काढलं, आत आता काय फाटलंय. ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली, आणि मग मला उठवून थेट आत घेऊन गेली.

गुरव कुरकुरला, "एका प्रश्नाचो कौल परत जायना."

"पयलो प्रश्न खोटो होतो," ती म्हणाली. "आता खरो घाल."

ती माझ्या आणि मंडळींच्या मध्ये उभी राहिली, आणि मी बोलले. स्तन म्हटलं, कर्करोग म्हटलं, पिशवी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. गुरवाने शब्दन् शब्द गाऱ्हाण्यात घातला. मला वाटलं, आता भूमी दुभंगली तर बरं. मग खांबाशी बसलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि त्याच्यामागून सगळे. कळी किती वेळ चिकटून राहिली सांगता येत नाही. पडली ती उजवी. मी तिथेच बसून हुंदके देऊन रडले. डोळे पुसून बघते तर ती बाई निघून गेली होती. गाईचा कौल तिने घेतलाच नाही.

सोमवारी टेबलावर भूल देईपर्यंत माझे दात वाजत होते. पण "नवी बसवा," हे मी ठामपणे सांगितलं. देह माझा, हौस माझी. काखेखाली नळी होती काही दिवस, कळशी उचलायला बंदी, हात वर न्यायला बंदी. ही पिशवीही जन्मभराची नाही, अधूनमधून तपासायला लागणार, हे या वेळी कान उघडे ठेवून ऐकलं.

काही महिन्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती मला दिसली. डोक्याला घट्ट रुमाल, पुढ्यात सुक्या मिरच्या. मी धावतच गेले. म्हटलं, "तुमची गाय बरी झाली ना?"

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "माका गाय खंय आसा गो?" तिने माझा हात आपल्या छातीशी नेला. "गाठ होती. घोवाकसुद्धा सांगूक नाय. तू बोललंस, आणि दुसऱ्या दिसा हांव डॉक्टराकडे गेलंय. वेळार इलंय, डॉक्टर म्हणालो."

मी तिथे मिरच्यांच्या राशीपुढे बसकण मारली. माझ्यासाठी देवीने तिला पाठवलं असं इतके दिवस धरून चालले होते. तिला वाटत होतं, मला तिच्यासाठी पाठवलं. कुणाला कुणासाठी, ते देवीचं देवीला ठाऊक. आपण खरं बोलून मोकळं व्हावं, पुढचं तिच्यावर सोडावं.

तिचा रुमाल सुटला, केस परत आले, तेव्हा आम्ही दोघी मिळून ओटी घेऊन गेलो. चौक भरलेला होता. गुरवाने दोघींची दुखणी नाव घेऊन गाऱ्हाण्यात सांगितली, आणि सर्वांत मोठ्याने व्हय म्हाराजा आम्हीच म्हटलं.