तीस किलोची मोटर

आठ फेब्रुवारी, रविवार. रक्कम बावीस हजार रुपये. हजर तिघं: मी, बायको आणि भांडुपहून आलेला थोरला भाऊ. नाहूरच्या आमच्या घराच्या बाल्कनीत कॉम्प्युटरवरून लाकूड कोरणाऱ्या सीएनसी यंत्राचा सांगाडा, रूळ आणि स्क्रू बसवून तयार होते. उरल्या होत्या मोटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स, त्यांच्यासाठी हे पैसे.

यंत्र दादासाठी होतं. तो सागाचे देव्हारे करतो. जाळीकाम हाताने कोरायचा, पण दोन वर्षांपासून उजवा खांदा वर जात नाही. घाटकोपरच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने देव्हाऱ्याची दोन जाळीची दारं सांगितली होती, एकवीस मार्चच्या वास्तुशांतीआधी हवी होती. हे काम वेळेत गेलं तर पुढची मिळतील. नाही गेलं तर दादाने कोरीवकाम बंद करायचं, असं त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

मी चौदा मोटरींचा तक्ता केला होता. आपल्या बाजारात स्टेपर मोटरची ताकद किलोत सांगतात, दुकानदार कांदे विचारावेत तसं "किती किलोची देऊ?" विचारतो. मी प्रत्येक मोटरची किंमत किलोने भागली. इंडक्टन्सचाही आकडा दिलेला होता, पण त्याचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून तो रकाना सोडून दिला. तीस किलोची मोटर चौतीसशेला. किलोमागे सगळ्यांत स्वस्त.

"तुका कळता तां घे," दादा म्हणाला.

तीन मोटरी, त्यांना वीज देणारे तीन ड्रायव्हर, चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय, कंट्रोल बोर्ड, वायरी. अठरा हजार आठशे झाले. बत्तीसशे वाचवले म्हणून मी घरी दोनदा सांगितलं.

प्लायवर सावकाश चालवलं तेव्हा यंत्र झकास चाललं. मग सागाची फळी लावली. एक भोक कोरून झालं की कटर वर उठून पुढच्या भोकाकडे वेगाने जातो, तिथेच मोटर गूं करून थबकायची. कॉम्प्युटरला वाटायचं ती पोचली. पुढची सगळी जाळी तीन मिलिमीटर सरकून कोरली जायची. वेग कमी केला तर एका दाराला अकरा तास, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दीड तासातच वर आल्या.

मला वाटलं वायरींचा दोष. जाळीच्या आवरणाची महाग केबल आणली. अर्थिंग वेगळं घेतलं. बोर्ड बदलला. नऊ दिवस गेले आणि सागाच्या दोन फळ्या गेल्या. प्रत्येक बदल मी वहीत लिहीत होतो आणि प्रत्येकापुढे "फरक नाही" असंच लिहावं लागत होतं.

"अहो, कपडे वाळत घालायची जागा गेलीच आहे," बायको म्हणाली, "तर निदान त्या मोटरींवर टॉवेल तरी टाकू का?"

दादाच्या ओळखीचा एक जण मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर जॉबवर्क करतो. एक मोटर पिशवीत घालून आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने लेबल वाचलं, सप्लाय आणि ड्रायव्हर कोणते ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, किलो बघून घेतली ना?"

"हो."

"सगळे तेच करतात. ही मोटर उभी असताना तीस किलो. हिचा इंडक्टन्स मोठा आहे, पळायला लागली की हिला जास्त व्होल्ट लागतात. चोवीसवर ही पळणार नाही. अठ्ठेचाळीस पाहिजेत."

"मग सप्लाय बदलतो."

"तुमचे ड्रायव्हर चाळीसपर्यंतचे आहेत. जळतील."

त्याच्या यंत्रावर दहा किलोच्या मोटरी होत्या. ते यंत्र दिवसभर साग कापतं.

घरी येताना दादाने रद्दीवाल्याकडून अडकवायचा ताणकाटा मागून आणला. कटर चालू करून, मोटर सोडवून, त्याने डाव्या हाताने कटर धरणारा यंत्राचा आडवा पूल काट्याने सागातून ओढला. काटा पाचवर गेला. पाच किलो. एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकवणाऱ्या स्क्रूवर मी हिशेब केला: मोटरला अर्धा किलोसुद्धा पडत नव्हता. वेग घेण्यासाठी आणि अडीअडचणीला कितीही सढळ धरलं तरी दहा किलो पुष्कळ होते. चौदा मोटरींचे आकडे मी दोन आठवडे मांडले, आणि लाकडाला किती जोर लागतो हे एकदाही मोजलं नव्हतं.

"मेल्या, तीस किलो कित्याक?" दादा म्हणाला. "हेका बैल बांधूचो आसा?"

मला हसू आलं नाही.

वायरी जोडलेल्या मोटरी दुकानदार परत घेईना. दुसऱ्या यायला दहा दिवस, आणि वास्तुशांतीला उरले होते नऊ. मी म्हटलं, सप्लाय आणि ड्रायव्हर दोन्ही उद्या आणतो, रात्रंदिवस बसतो.

"नको," दादा म्हणाला. "गिऱ्हाईकाक शब्द दिलंय मी. तुझ्या मोटरी मगे बघूया."

दारं मरोळला कापून झाली. दादाने कडा हाताने साफ केल्या आणि अठरा मार्चला घाटकोपरला पोचवल्या. जाळी सुबक आहे असं गिऱ्हाईक म्हणालं. कुणी कोरली ते विचारलं नाही, दादानेही सांगितलं नाही. पुढचं काम अजून आलेलं नाही.

त्या दोन दारांत दादाला सहा हजार सुटायचे होते. मरोळच्या माणसाने कापण्याचे बेचाळीसशे घेतले. ते मी दिले, रोख.