चुकलेल्या दादाचा सत्कार

फोन समोरच्या घरी आला. "सांगलीहून आहे, लवकर या," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मी हाताला लागलेल्या कणकेसकट धावले. दादा सकाळचा चहा पिऊन खुर्चीत टेकला, तो उठलाच नाही. साताऱ्याहून निघालेल्या एस.टी.त मला रडूही आलं नाही. निरोप देण्यात कुणाची तरी चूक झाली असेल, असंच वाटत राहिलं... आता महिना उलटलाय. माझा गोंधळ मिटायचा सोडून वाढलाय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंत. सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. घरात पुढच्याच खोलीत भलामोठा फळा, आणि येईल त्याच्या चहाच्या कपाशेजारी हा एक खडू ठेवायचा. पाहुणा इंजिनिअर असो की दूधवाला, "बघा, कुठं चुकलंय का," हे ठरलेलं. वहिनी वैतागायची, कारण खडूची पूड चहात पडायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला क्वांटम कॉम्प्युटरचं वेड लागलं. साधा कॉम्प्युटरसुद्धा तेव्हा गार खोलीत, चपला बाहेर काढून बघायचा असे, आणि हा तर जगात नसलेल्या यंत्रावर कागद काळे करत बसलेला. मला कळावं म्हणून त्यानं विरजणाचं उदाहरण दिलं होतं. विरजण हलवलं तर दही मोडतं. या यंत्रातलं गणितही तसंच, बाहेरचा जरासा धक्का लागला की बिघडतं. आणि बिघडलंय का बघायला बोट घालावं, तर त्यानंच मोडतं. म्हणून असं यंत्र कधी चालणारच नाही, हे त्यानं परदेशातल्या एका नियतकालिकात मांडलं. कोयनेच्या धक्क्यांनी फडताळातली भांडी वाजायची अशा गावात वाढलेला माणूस तो, धक्क्यांवर त्याचा विश्वास दांडगा होता.

काही वर्षांनी त्याचे सहकारी कुलकर्णी सर पुण्याच्या लायब्ररीत गेले. कुणाच्या लेखाचा उल्लेख पुढं कुणी कुणी केला, याचे जाडजूड खंड तिथं असतात. दादाचं नाव अमेरिका, जपान, कुठल्या कुठल्या लेखांत निघालं. बातमी पाटणजवळच्या आमच्या गावी पोचायला वेळ लागला नाही. लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून भावकीत वर्षानुवर्षं अबोला धरणारं आमचं गाव. परक्या मुलखानं आपल्या पोराचं नाव छापलंय म्हटल्यावर सत्कार व्हायलाच हवा होता. मांडव पडला, फेटा आला, शाल आणि नारळ आला. दादा बोलायला उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "त्यांनी माझं नाव घेतलंय ते माझं चुकलंय हे दाखवायला. बोट न घालता दही तपासायची युक्ती त्यांना सापडलीय. मी चुकलो."

मग फौजेतून सुभेदार होऊन परतलेले आमचे चुलते, नाना, उठले. "बघा, एवढा शिकला, पर जराबी गर्व न्हाई. फळं लागल्याली फांदी वाकतीच." टाळ्या थांबेनात. दादा दोन्ही हातांनी नको नको म्हणत होता, तसतशा त्या वाढत होत्या. परतताना तो मला म्हणाला, "अगं, खरंच चुकलंय माझं." मी म्हटलं, "पुरे की आता विनय." तो हसला... कसा हसला, ते काही केल्या आठवत नाही.

शोकसभेनंतर मी कुलकर्णी सरांना गाठलं. ते म्हणाले, खरंच चुकलं होतं. मग एवढे लोक त्याचं नाव घेतात ते काय चूक दाखवायलाच? "ताई, अडचण त्यांनी इतकी नेमकी मांडली की लोकांना उत्तर शोधावंच लागलं. त्या लेखांची सुरुवात त्यांच्या नावानं होते." म्हणजे तो मोठा होता की चुकलेला? "दोन्ही," सर म्हणाले. शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, पण या 'दोन्ही'चा अर्थ मला अजून लागत नाही.

आता गावच्या शाळेतल्या नव्या खोलीला दादाचं नाव द्यायचं ठरलंय आणि पाटीवरचा मजकूर नानांनी माझ्याकडे मागितलाय. थोर शास्त्रज्ञ लिहावं, तर ते दादाला पटलं नसतं. चुकला असं लिहावं, तर गाव म्हणेल, सख्खी बहीण की वैरीण. शेवटी नानांनाच सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं काठीच्या मुठीवरून हात फिरवला. "म्हंजी त्यो खरं सांगत हुता," ते म्हणाले, "आन् आमी टाळ्या वाजवत बसलो. त्येचं कुनी ऐकलंच न्हाई व्हय गं?" मीही त्या टाळ्यांत होते.

परवा सांगलीला गेले. फळा वहिनीनं पुसलेला नाही. तिनं चहा आणला आणि सवयीनं कपाशेजारी खडू ठेवला. मी तो खडू घेऊन उठले आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत लिहिलं, "यांनी आपली चूक भरसभेत सांगितली." दादाच्या गणितांशेजारी ते कसंतरीच दिसत होतं. पाटीवर शोभेल की नाही, कोण जाणे. परत येऊन बसले, खडू वहिनीच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "बघ, कुठं चुकलंय का."