कोणता परवा

नोकरी संपल्यावर, मैत्रिणी नातवंडांना शाळेत सोडायला जाऊ लागल्या त्या वयात, मी इंग्रजी साहित्यात एम.ए. करायला घेतलं. अभ्यासक्रमात एक कादंबरी होती. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, उतरणीला लागलेल्या एका घराण्याची. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत बसून मी तिचं पहिलं प्रकरण चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वाट चुकले. एका वाक्यात प्रौढ असलेला माणूस पुढच्या वाक्यात मूल होई, आणि मधली वर्षं कुठे गेली हे कुणी सांगत नसे. मी समासात पेन्सिलीने ‘आधी’, ‘नंतर’ असं लिहीत गेले. प्राध्यापिकेला विचारावं असं दर तासाला वाटे. हात वर जात नसे.

त्याच सुमारास कानावर आलं, की दादा खाडीकाठची जमीन विकतो आहे. आमचं घराणं ठाण्याच्या मिठागरांवरचं. बाकी सारं केव्हाच गेलं होतं. मिठाच्या कोठाराची एक पट्टी तेवढी उरली होती. तिथे वडिलांनी मला पसरलेल्या मिठावर बोटाने अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. कागदोपत्री माझा तिच्यावर अधिकार नव्हता. लग्नानंतर, रीतीप्रमाणे, मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. ‘एवढी राहू दे, दादा’ असं म्हणणं मात्र माझ्या हाती होतं. ते म्हणण्यासाठी फोन उचलायला मला आठवडा लागला.

फोनवरही मला एवढंच विचारता आलं, ‘सही कधी?’

‘परवा,’ दादा म्हणाला. मग वहिनीने त्याला जेवायला हाक मारली.

म्हणजे दोन दिवस हातात होते. मी बोलायची वाक्यं वहीत लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. ठरल्या दिवशी सकाळीच टेंभी नाक्याजवळच्या त्याच्या घरी पोहोचले. वहिनीने पेढ्यांचा डबा पुढे केला. तो अर्धा रिकामा होता. कशाचे पेढे, असं मी विचारलं, तेव्हा दादाने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं.

‘सहीचे. सांगितलं ना तुला फोनवर, परवा झाली म्हणून.’

‘झाली’ हा शब्द त्याने उच्चारला नव्हता. मला वाटलं व्हायची आहे, असं मी कसंबसं म्हणाले.

तो हसला. ‘एवढी जाड इंग्रजी बुकं वाचतेस, बाय, आणि साधा परवा नाय कळला तुला?’

मीही हसले आणि पेढा खाल्ला. काही काम होतं का, असं त्याने विचारलं. नाही, म्हटलं, सहज आले होते.

कोणता परवा, एवढं विचारलं असतं तरी जमीन वाचली नसती. मी फोन केला तेव्हा सही होऊन गेलेली होती. पण त्याआधीचा संपूर्ण आठवडा मला सारं ठाऊक होतं, आणि मी पहिलं प्रकरण वाचत बसले होते.