दोन कुलपांचा वीरगळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वीरगळाच्या जाळीला कुलूप घातलं ते. बायको कुलूप ओढून बघत होती, मी झाडू धरून उभा. "स्वल्प वाकायला काय होतं तुम्हाला? कोपऱ्यात पाला तसाच आहे," म्हणाली. "उद्या काढतो," म्हटलं. दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

सर्जापूर रोडच्या मागं आमची जुनी गल्ली. तिच्या तोंडाशी हा दगड, लढाईत मेलेल्या कुणा माणसाचा. सरकारनं पाटी लावली, जाळी ठोकली आणि किल्ल्या गल्लीतच दिल्या. एक आमच्याकडं, एक समोरच्या मास्तरांकडं. आमची म्हणजे तिचीच. रोज सकाळी उघडायची, झाडायची, दगडापुढं फूल ठेवायची. कोण कुठला मेलेला, त्याचं हिला काय, असं मला वाटायचं.

तिचे दिवस चालू असतानाच कुणीतरी आत शिरून दगडाखाली खणलं. सोनं पुरलेलं असतं म्हणे. दगड कलंडला, त्यावर कोरलेल्या घोड्याचं तोंड फुटलं. कुलूप मात्र शाबूत. म्हणजे किल्लीनंच उघडलेलं.

पुरातत्त्व खात्याचा साहेब आला. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. तुमची किल्ली दाराजवळ खिळ्याला असते. या दिवसांत कोण आलं, कोण गेलं, तुम्हाला शुद्ध होती का?"

"आणि तुमची काय तिजोरीत असते? तुमचे भाडेकरू काय संत लागून गेले?"

ओरडलो खरा. पण शुद्ध नव्हतीच. घरात कोण कोण येऊन गेलं, मला आजही सांगता येत नाही.

साहेब म्हणाला, "आता दोन कुलपं लावतो. एकाची किल्ली यांना, एकाची तुम्हाला. दोघं असाल तरच उघडेल. नको असेल तर आत्ताच सांगा, खात्यात ठेवतो."

मास्तरांनी लगेच हात पुढं केला. मला त्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं. पण नको म्हटलं असतं तर तिची जागा जन्मभर जाळीतून बघत बसलो असतो.

"सरी, चालेल," म्हटलं आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मास्तरांचं दार वाजवलं. ते तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले.

"इतक्या सकाळी, अण्णा?"

"ती याच वेळी जायची. किल्ली घ्या, चला."

ते चूळ भरायला आत गेले. मी पायरीवर उभा राहिलो.