सोललेली रसभरी

पोरांनो, रसभरी तुमच्याकडे दुकानात मिळते, मग आजी बी पेरायला का लावते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तिथे बाहेर बर्फ असतानाच बी घरात पेरावं लागतं, म्हणून उत्तर आत्ताच लिहिते. माती ओली ठेवा, डबा उबेला ठेवा. उगवायला वेळ लागतो. उकरून बघू नका. थंडी ओसरली की रोपं बाहेर काढा.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तुमच्या आजोबांची तिथल्या कचेरीत बदली झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मग दुष्काळ पडला, टँकरपुढे घागरींची रांग लागू लागली. त्याच हिवाळ्यात, नांदेडहून, माहेरून आणलेलं बी मी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. पाणी तांदूळ धुतलेलं.

शेजारीण औशाकडची, शेतकऱ्याघरची. "प्यायला पाणी न्हाई, अन् बाईला रसभरी पायजे!"

"तुमच्या घागरीतलं घालते का?"

आम्ही बौद्ध. गप्पा तिला चालायच्या, आमच्या घरचा चहा नाही. कधीही विचारा, तिला उपास. मी म्हणायचे, "फारच देवांचे उपास धरलेत तुम्ही."

फळं धरली. टरफल वाळून फळ आपोआप गळतं, तेच पिकलेलं. शेजारणीला तेव्हा दिवस गेले होते, आंबटाचे डोहाळे लागले होते.

"बाई, एक द्या की. टरफलात हाय, चालतंय."

म्हणजे माझा हात फळाला लागलेला नव्हता. मी टरफल सोललं, फळ तळहातावर धरलं. "खायचं तर हे."

"तसं नगं. न सोललेलं द्या."

"ते मिळणार नाही."

आतून तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, पोटुशी आहे. देऊन टाक." मी ऐकलं नाही. ती घरात निघून गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशीही मी सोलूनच देणार होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. "सोला मग." माझ्या तळहातावरून उचलून तिने खाल्लं, डोळे मिटले. "लई आंबट हाय. अजून हाय का?"

होती. एकेक सोलून दिली.

तिथलं आमचं सरकारी क्वार्टर आता पाडलंय. शेजारीण कुठे असते, ठाऊक नाही. त्या डब्यातल्या झाडाचं बी मी दरवर्षी धरलं. तुमच्याकडे आहे ते तेच.