नळाआडचं गाणं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लाज वाटते म्हणून नव्हे — न सांगण्यात माझी फार सोय होती म्हणून.

तुम्हीही ते सिनेमे पाहिलेच असतील. हल्ली प्रत्येक सिनेमात एक बाई स्वतःला सापडते. पन्नाशीत, एखादं गाणं गुणगुणता गुणगुणता. त्याआधी तिला कुणीतरी कोंडलेलं असावं लागतं. आणि कुणी कोंडलंच नसेल तर? तर सिनेमा होत नाही. हे मला बरोबर कळलं होतं — तेवढी हुशारी आहे माझ्यात.

चार वर्षांपूर्वी पुण्याची एक मुलगी कॅमेरा घेऊन कुंभकोणमला आली. आम्हा तंजावरकडच्या मराठी बायकांची गाणी, त्यांचं आतलं जग, असं काहीतरी तिला टिपायचं होतं. आमची जुनाट मराठी ऐकून ती हरखून जाई. तीन दिवस मी तिला पाळणे आणि आरत्या म्हणून दाखवल्या. तिसऱ्या संध्याकाळी ती फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं — ही बाई गाते बरी, पण हिच्याकडे गोष्ट नाही. पट्टीश्वरमला दुसरी एक आहे, तिला घेऊ.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यापुढे रडले. म्हटलं, लग्नानंतर ह्यांनी माझं गाणं बंद केलं. तीस वर्षं मी न्हाणीघरातला नळ सोडून त्याच्या आवाजाआड गायले, आणि तिथेच मी मला भेटले. नळ! कुठून सुचला तो मला? मुलीने माझा हात घट्ट धरला. तिचेही डोळे भरले होते. आणि मला — मला मजा वाटली.

खरं काय होतं? हे गणिताचे मास्तर. लग्नानंतरची सहा वर्षं, शाळा सुटली की मला स्कूटरवर मागे बसवून दारासुरमला गाण्याच्या बाईंकडे न्यायचे. तासभर बाहेर, विणकराच्या ओट्यावर बसून वह्या तपासायचे. मग एकदा देवळातल्या कार्यक्रमात माझा ताल चुकला, पुढच्या रांगेतल्या दोघीजणी हसल्या, आणि मी गाणं सोडलं. बस्स, एवढंच. हे कितीदा म्हणाले, "गा की गं." मी त्यांच्यावरच खेकसायची.

सिनेमा आमच्या गावातल्याच एका सभागृहात दाखवला. पडद्यावर नळाची धार, तिच्यावर माझा आवाज — लोक डोळे पुसत होते. किती स्वस्तात रडतात लोक! हे माझ्या शेजारीच बसले होते. बाहेर पडताना एका बाईने त्यांना अडवून विचारलं, "आता तरी गाऊ देता ना त्यांना?"

हे म्हणाले, "देतों."

घरी आल्यावर त्यांनी जाब विचारला असता तर मी खरं बोलले असते का? छे. आणखी रडले असते.

मुलाने चेन्नईत तो सिनेमा फोनवर पाहिला. दारासुरमचे आमचे दिवस त्याच्या जन्माआधीचे. त्याला काय ठाऊक? तेव्हापासून तो अप्पांशी बोलत नाही. लहानपणी तो नळ ऐकल्याचंही आता त्याला आठवतं — न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून, म्हणतो. मी ऐकून घेते. मान हलवते.

गेल्या पोंगलला तो आला. माझ्यासाठी साडी आणली होती. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "अम्मा, आता तरी सुखात आहेस ना?"

मी म्हटलं, "आता आहे."

कॅमेरा नव्हता. कुणी गोष्ट मागितलीही नव्हती. हे समोरच संत्रं सोलत बसले होते. अर्धं त्यांनी मुलापुढे धरलं. त्याने मान फिरवली. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो माझ्याकडे वळवला.

मी घेतलं. खाल्लं. गोड होतं.